दीड पानाचं पत्र

पुस्तकाची पहिली प्रत मला सांगलीच्या एसटी स्टँडवर मिळाली. छापखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाने ती पिशवीतून काढून हातात ठेवली आणि तो त्याच्या गाडीकडे गेला. मुखपृष्ठावर अण्णांचा तरुणपणीचा फोटो होता. धोतर, टोपी, मागे विहिरीचं काम चाललेलं. आठवणी त्यांच्या, म्हणून लेखकाच्या जागी त्यांचंच नाव होतं आणि ते तसंच असायला हवं होतं. मी आतलं पान उघडलं. तिथे 'शब्दांकन' आणि पुढे माझं नाव असं ठरलं होतं, पण ते नव्हतं. शेवटच्या पानावरच्या ऋणनिर्देशात डीटीपी करणारे, मुद्रितशोधक, फोटो देणारे अशा रांगेत मी सापडले. माझ्या नावापुढे छापलं होतं, 'टंकलेखन साहाय्य'.

पुस्तक २४० पानांचं होतं. त्यातलं प्रत्येक वाक्य मी लिहिलं होतं.

ही २०१८ची गोष्ट. त्यानंतर मी कागदाशिवाय एकही मोठं काम घेतलेलं नाही. तो कागद कसा करायचा हे कळायला मात्र पुढची चार-पाच वर्षं गेली. कायदा वाचावा लागला, माणसांना विचारावं लागलं, दोन कामं सोडावी लागली. मराठीत लिहून घर चालवणाऱ्या आम्हा लोकांना हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जे झालं ते झालं तसं लिहिते आहे.

अण्णा हे त्यांचं नाव नव्हे, गावात सगळे त्यांना तसं म्हणायचे. सहकारात आयुष्य घातलेला माणूस. लहानपणी प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या समांतर सरकारच्या, काळात घरी रात्री-अपरात्री येणाऱ्या माणसांना भाकरी नेऊन देणारा मुलगा, पुढे ७२च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावरचा मुकादम, मग सोसायटीचा सचिव. २०१६च्या दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावलं. ओसरीवर चहा झाला. म्हणाले, "साठ हजार देतो. पंधरा आत्ता घे. पुस्तकावर तुझं नाव खाली येणार बघ." मी विचारलं, काही लिहून ठेवायचं का? त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "आपलं बोलणं झालंय की पोरी. कागद कशाला पायजे?"

मला ते पटलं. आजही वाटतं, अण्णा असते तर त्यांनी शब्द पाळला असता.

पुढचं दीड वर्ष मी दर तीन आठवड्यांनी त्यांच्याकडे जात होते. बावीस बैठका झाल्या, माझ्या फोनमध्ये एकतीस तासांचं ध्वनिमुद्रण झालं. शब्दांकन हे काम बाहेरून पाहणाऱ्याला टायपिंगसारखंच दिसतं. माणूस बोलतो, बाई उतरवते. प्रत्यक्षात एक तासाचं बोलणं कागदावर यायला माझे पाच-सहा तास जात. मग त्यातल्या पुढच्या-मागच्या गोष्टी काळाप्रमाणे लावायच्या, तीनदा सांगितलेल्या एकाच प्रसंगातलं कुठलं सांगणं खरं आहे ते जुन्या अहवालांत शोधायचं, आणि हे सगळं करून वाक्य पुन्हा अण्णांच्याच तोंडचं वाटलं पाहिजे. 'पायजे' कुठे ठेवायचं आणि 'पाहिजे' कुठे करायचं, यावर मी दिवस घालवले आहेत.

२०१८च्या मार्चमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. पुस्तक छापून येण्याआधीच ते गेले. व्यवहार त्यांच्या मुलाकडे आला, तो पुण्यात नोकरी करणारा, सरळ माणूस. मी उरलेल्या पैशांचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बाबांनी काय कबूल केलं होतं, मला खरंच माहीत नाही. त्यांच्या वहीत तुमच्या नावापुढे एवढंच आहे." त्याने वही दाखवली. अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'टायपिंग, १५,०००'.

"तुमच्याकडे काही लिहिलेलं आहे का?"

माझ्याकडे काही नव्हतं. त्याने आणखी २०,००० दिले, ते त्याच्या समजुतीप्रमाणे उदारपणानेच दिले. प्रकाशकाकडे ऋणनिर्देशाची यादी गेली ती त्याच वहीवरून.

माझी मावसबहीण सांगलीत वकिली करते. तिच्याकडे गेले तेव्हा मला वाटत होतं की माझी बाजू संपलेलीच आहे. ती म्हणाली, तसं नाही. तोंडी करारसुद्धा करारच असतो, १८७२चा करार कायदा लेखीच पाहिजे असं सरसकट म्हणत नाही. अडचण पुराव्याची येते. आणि मग तिने मला कलम ३७ दाखवलं. वचन देणारा माणूस वचन पुरं करण्याआधी गेला, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते वचन त्याच्या वारसांवर राहतं. "कायदा अण्णांच्या मुलाला बांधूनच ठेवतोय," ती म्हणाली, "पण काय बांधलंय हे त्या बिचाऱ्याला कळणार कुठून? तू ते कुठे लिहिलंयस?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून पुढे कधी गेला नाही. तोवर मला वाटायचं की कागद मागणं म्हणजे समोर बसलेल्या माणसावर शंका घेणं. अण्णांवर मला कधीच शंका नव्हती. पण कागद लागला तेव्हा समोर अण्णा नव्हते.

तिने स्वामित्वहक्काचा १९५७चा कायदाही माझ्यासमोर ठेवला. त्यातली तीन कलमं मी तेव्हापासून पाठ करून ठेवली आहेत. कलम १७ सांगतं की लिहिणारा हाच पहिला मालक. नोकरीत राहून नोकरीचं काम म्हणून लिहिलं तर मालक तो, ज्याची नोकरी करता. बाहेरून काम करणाऱ्याला मात्र ते लागू होत नाही. कलम १९ म्हणतं की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो आणि देणाऱ्याची सही लागते. या देण्याला कायद्यात 'अभिहस्तांकन' असा जड शब्द आहे. त्या कागदात कुठली कृती, कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात हे असावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि कलम ५७ हे माझं सगळ्यात आवडतं. हक्क विकून टाकला तरी 'हे मी लिहिलं आहे' असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो.

"नोटीस काढायची का?" तिने विचारलं. "पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, वेळ आहे अजून."

मी नको म्हणाले. त्या घरात काकू होत्या. बावीस बैठकांतल्या प्रत्येक बैठकीला त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी विधवा झालेल्या बाईच्या दारात पोस्टमनच्या हातून नोटीस पाठवणं मला जमलं नाही. हा निर्णय माझा होता आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण बहिणीने मला त्या दिवशी रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही. "पुढच्या वेळी निदान एक मेल पाठव," ती म्हणाली. "आज आपलं असं-असं बोलणं झालं, एवढंच. समोरून 'हो' आलं की झालं."

त्यानंतरची दोन वर्षं मी तेवढंच केलं. पुरवण्यांतले लेख, भाषांतरं, दिवाळी अंकांतली कामं. फोन ठेवला की लगेच चार ओळींचा मेल पाठवायचा. विषय, शब्दसंख्या, तारीख, मानधन. उत्तर आलं नाही तर काम सुरू करायचं नाही. दोन ठिकाणी उत्तर आलं नाही, ती कामं गेली. बाकी सगळीकडे आलं. आधी मला भीती वाटायची की संपादक चिडतील. त्यातल्या एका संपादिकेने उलट फोन करून सांगितलं, असे मेल सगळ्यांनी पाठवले तर हिशेब विभागाशी भांडताना आम्हालाच बरं पडेल.

पहिला खराखुरा करारनामा माझ्या हातात आला तो २०२०च्या शेवटी. टाळेबंदीत लोकांचं ऐकणं वाढलं होतं, मुंबईतल्या एका कंपनीला मराठीत ऑडिओ मालिका हवी होती. चाळीस भाग, भागाला २,५०० रुपये. मेलसोबत चौदा पानांची इंग्रजी पीडीएफ आली आणि खाली एक ओळ: 'कृपया सही करून आजच पाठवा, स्टुडिओचं बुकिंग झालं आहे.'

ही 'आजच' जवळजवळ प्रत्येक करारासोबत येते. मी उत्तर लिहिलं की मला वाचायला चार दिवस लागतील. चार दिवस मिळाले. स्टुडिओचं बुकिंग कुठे गेलं नाही.

ती चौदा पानं मी पेन्सिल घेऊन वाचली. प्रत्येक कलमाशेजारी मराठीत एका वाक्यात लिहायचं की हे नक्की काय म्हणतंय. ही सवय मी आजही सोडलेली नाही, कारण जे वाक्य मला मराठीत लिहिता येत नाही ते मला समजलेलं नसतं. एका कलमाशेजारी मी लिहिलं, 'सगळ्या माध्यमांत, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या, सगळ्या विश्वात, कायमचं.' विश्व हा शब्द मूळ कागदातच होता. दुसऱ्याशेजारी लिहिलं, 'कुणीही, कशावरूनही कंपनीवर दावा लावला तर सगळा खर्च मी द्यायचा.' तिसऱ्याशेजारी, 'एक वर्ष दुसऱ्या कुठल्याच ऑडिओ कंपनीसाठी लिहायचं नाही.' चौथ्याशेजारी, 'पैसे कंपनीने मान्यता दिल्यावर ६० दिवसांनी. मान्यता कधी द्यायची ते कंपनी ठरवणार.'

मराठीत आणल्यावर ती वाक्यं उघडी पडली.

बहिणीला फोन केला. वर्षभराच्या बंदीबद्दल ती म्हणाली, करार कायद्याचं कलम २७ वाच, माणसाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द असतो. काम चालू असतानाच्या काळाचं वेगळं, पण काम संपल्यावर तुला घरी बसवता येणार नाही. 'पुढे निघणाऱ्या माध्यमांत' याबद्दलही कायदा बोलतो. २०१२ साली दुरुस्ती झाली, त्याआधी राज्यसभेत जावेद अख्तर गीतकार-पटकथाकारांच्या बाजूने जोरदार बोलले होते. त्या दुरुस्तीनंतर करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय त्यातला हक्क जात नाही. आणि गाणं असो की संहिता, ध्वनिमुद्रणात वापरलेल्या साहित्याच्या लेखकाला त्याच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा हक्क सोडून देता येत नाही, हेही त्याच दुरुस्तीत आलं. प्रत्यक्षात ही रॉयल्टी हातात पडायला काय-काय करावं लागतं तो वेगळाच विषय आहे, पण सही करताना आपण काय सोडू शकत नाही हे माहीत असलेलं बरं.

मी कंपनीला एक मेल लिहिला. चिडून काही लिहिलं नाही. कलम क्रमांक, मला त्यातली अडचण काय, आणि त्याऐवजी कुठलं वाक्य चालेल, एवढंच. तयार वाक्य दिलं की समोरच्या माणसाचं काम हलकं होतं, त्याला ते नुसतं वर पाठवायचं असतं. आठवड्याने त्यांच्या कायदा विभागातल्या एका मुलीचा फोन आला. अतिशय नीट बोलली. वर्षभराची बंदी तिने फोनवरच काढली, वादसुद्धा घातला नाही. दाव्याच्या कलमात 'लेखिकेने दुसऱ्याचं लेखन चोरल्यामुळे उद्भवलेला दावा' एवढंच ठेवलं आणि वरची मर्यादा मला मिळालेल्या मानधनाइतकी. मान्यतेसाठी पंधरा दिवस ठरले. तोवर लेखी हरकत आली नाही तर भाग मान्य झाला असं धरायचं. दुरुस्त्या दोन वेळा, तिसरीला वेगळे पैसे. पुस्तकाचे आणि चित्रपट-मालिकेचे हक्क माझ्याकडे राहिले.

ऑडिओचा हक्क कायमचा गेला. त्यावर ते हलले नाहीत. मी दोन दिवस विचार केला आणि सही केली. टाळेबंदी होती, घरात दुसरं उत्पन्न अर्धं झालं होतं, आणि एक लाख रुपये मला हवे होते. टीडीएस जाऊन बाकीचे पैसे आले, ठरलेल्या हप्त्यांत, ठरलेल्या तारखांना. पुढे त्या मालिकेची कादंबरी करावी असं एका प्रकाशकाला वाटलं तेव्हा मला कुणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण तो हक्क मी त्या चार दिवसांत वाचवलेला होता.

त्या चौदा पानांनी मला एक गोष्ट शिकवली की करार ज्याने लिहिला, तो त्याच्या बाजूने झुकलेला असतो. मग आपण का लिहू नये?

माझं दीड पानाचं पत्र तिथून सुरू झालं. करारनामा म्हटलं की लोकांना मुद्रांक, नोटरी, कोर्ट दिसायला लागतं, म्हणून मी त्याला पत्रच म्हणते. संमतीपत्र. मराठीत लिहिते, साध्या वाक्यांत. सुरुवात नेहमी बोलण्यापासून होते: 'दि. अमुक रोजी आपल्या कार्यालयात झालेल्या बोलण्यानुसार पुढील काम करण्याचे मी मान्य करते.' या एका वाक्याने सूर बदलतो. मी अट घालते आहे असं वाटत नाही, आपणच बोललो ते मी उतरवून काढलं आहे असं वाटतं, आणि ते खरंच तसं असतं.

मग काम काय ते येतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय नाही ते येतं. 'फोटो जमवणे, मुद्रितशोधन आणि छापखान्याशी व्यवहार यात समाविष्ट नाहीत.' ही ओळ घालायच्या आधी मी एका स्मरणिकेसाठी बाराशे सभासदांची नावं तपासत बसले होते. मग हप्ते. शेवटचा हप्ता छपाईची फाइल देण्याआधी, 'प्रकाशनानंतर' कधीच नाही. प्रकाशन समारंभ पाहुण्यांच्या तारखेवर अवलंबून असतो, आणि पाहुणे मंत्री असतील तर विचारायलाच नको. मग दुरुस्त्या किती वेळा. काम मध्येच थांबलं तर तोवर झालेल्या कामाचे पैसे कसे मोजायचे. ध्वनिमुद्रणं कुणाकडे राहणार आणि ती कशासाठी वापरता येतील. पॅन क्रमांक इथेच लिहून टाकते, कारण तो न दिल्यामुळे एकदा माझ्या मानधनातून दहाऐवजी वीस टक्के कापले गेले होते.

नावाचं वाक्य मी एकदाच लिहिलं आणि पुन्हा कधी बदललं नाही: 'पुस्तकाच्या शीर्षकपानावर "शब्दांकन" या शब्दापुढे माझे नाव छापले जाईल. पुढील प्रत्येक आवृत्तीतही ते तसेच राहील.'

आणि शेवटी अण्णांच्या वहीतून आलेलं वाक्य: 'या पत्रावर सही करणारी व्यक्ती पुढे त्या पदावर नसल्यास तिच्या जागी येणाऱ्यांनी, तसेच वारसांनी, हे पत्र मान्य समजावे.' बहीण म्हणते की कायद्याने हे आधीच आहे, लिहायची गरज नाही. मला लिहायचं असतं. वाचणाऱ्या वारसाला करार कायदा माहीत नसतो.

सहीबद्दल लोक मला नेहमी विचारतात. साध्या कामासाठी मेलवर 'मान्य' आलं तरी करार होतो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणाने करार नाकारता येत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मध्ये आहे. छापायची परवानगी देतानाही ती लेखी असली की पुरतं. पण हक्कच देऊन टाकायचा असेल तर सही हवी. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं 'ओके' मी स्क्रीनशॉट काढून स्वतःलाच मेल करते, मूळ संभाषण मात्र पुसत नाही. मोठ्या रकमेचं काम असेल तर पत्र मुद्रांकावर करून घेते. मी पहिलं केलं तेव्हा १०० रुपयांचा मुद्रांक चालायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने तो ५०० रुपयांवर नेला.

२०२२ मध्ये जिल्ह्यातल्या एका सहकारी संस्थेने सुवर्णमहोत्सवी गौरवग्रंथासाठी बोलावलं. एक लाख ऐंशी हजारांचं काम, तोवरचं माझं सगळ्यात मोठं. अध्यक्षांच्या केबिनमध्ये आठ-दहा संचालक बसलेले. मी पत्राच्या दोन प्रती टेबलावर ठेवल्या. अध्यक्षांनी चष्मा लावला, वाचलं, आणि तेच म्हणाले जे मला माहीत होतं.

"ताई, आमच्यावर विश्वास नाही का?"

मी या वाक्याची चार वर्षं तयारी केली होती. म्हणाले, "साहेब, विश्वास आहे म्हणूनच काम घेतेय. पण पुस्तकाला दीड वर्ष लागणार आणि तुमच्या मंडळाची मुदत पुढच्या वर्षी संपते. तुम्ही दिलेला शब्द पुढच्या मंडळाला कोण सांगणार?"

केबिनमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातले एक वयस्कर संचालक म्हणाले, "बरोबर बोलतीय की बाई. ठराव घ्या." आणि तिथे मला सहकाराची ताकद कळली. संस्थेच्या दृष्टीने माझ्या पत्राहून ठराव मोठा. पुढच्याच मासिक सभेत विषय आला, ठराव झाला, त्याचा क्रमांक आणि तारीख मी पत्रात शाईने लिहून घेतली, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या झाल्या, शिक्का बसला. पहिला हप्ता ५४,००० आठवड्यात जमा.

पुढच्या वर्षी मी कच्चा मसुदा दिला त्याच महिन्यात मंडळाची मुदत संपली. निवडणूक पुढे गेली आणि संस्थेवर प्रशासक आले. दुसरा हप्ता ७२,००० रुपयांचा होता. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. हिशेब विभागातले जुने लोक मला ओळखत होते, चहा द्यायचे, पण म्हणायचे, "साहेब नवीन आहेत, जुन्या मंडळाच्या खर्चाला हात लावायला घाबरतात."

इथे मला आणखी एक कागद कामी आला. २०२१ साली मी सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली होती. पैसे लागत नाहीत, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते. लिहिणारी बाई उद्योग कशी, असं मलाही वाटलं होतं, पण सेवा देणाऱ्यांनाही ही नोंदणी करता येते. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात पैसे देण्याची मुदत ठरलेली आहे. करारात काहीही लिहा, काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असंच धरतात. पुढे गेलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. ऑडिओवाल्या करारात मी जे पंधरा दिवस मागून घेतले होते ते या कायद्यात आधीच बसलेले पाहून मला फार बरं वाटलं होतं. नोंदणी मात्र काम घेण्याआधीची असावी, नंतर धावपळ करून उपयोग होईलच असं नाही.

मी प्रशासकांची वेळ मागितली. पाच मिनिटं मिळाली. हातात संमतीपत्र, ठराव क्रमांक, मसुदा मिळाल्याची पोच, उद्यम क्रमांक असलेलं बिल, आणि कायद्याचा उल्लेख असलेलं अर्ध्या पानाचं स्मरणपत्र. त्यांनी सगळ्यात आधी ठराव क्रमांकावर बोट ठेवलं. सचिवांना इतिवृत्ताचं पुस्तक आणायला सांगितलं. पान सापडलं, वाचलं. म्हणाले, "मॅडम, एवढं सगळं असताना तुम्ही चार महिने थांबलात कशाला?"

खरंच, का थांबले? मला अजूनही पैसे मागायला जाताना छातीत धडधडतं. चांगलं लिहिणाऱ्याने पैशाचं बोलू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं इतकं आत गेलेलं असतं की हातात कायदा असतानाही पाय उचलत नाही. चौथ्या दिवशी टीडीएस कापून ६४,८०० खात्यात आले. व्याज मी मागितलं नाही. मागायला हवं होतं असं बहिणीचं मत आहे आणि ते बरोबर आहे.

ग्रंथ नव्या मंडळाच्या काळात निघाला. मनोगत नव्या अध्यक्षांचं, शुभेच्छा वेगळ्या पुढाऱ्यांच्या. शीर्षकपानावर खाली 'शब्दांकन व संपादन' आणि माझं नाव.

२०२४च्या उन्हाळ्यात पुण्याहून फोन आला. अण्णांचा मुलगा. सहा वर्षांनी आम्ही बोलत होतो. म्हणाला, आईची तब्येत बरी नसते. बाबांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही, लग्नाच्या एका व्हिडिओत दोन वाक्यं आहेत फक्त. तुमच्याकडे ती ध्वनिमुद्रणं असतील का अजून?

होती. एकतीस तास, तीन ठिकाणी जपून ठेवलेली. मी ती पेन ड्राइव्हवर घातली आणि स्वतः घेऊन गेले. काकू खाटेवर बसल्या होत्या. पहिलीच फाइल लावली, त्यात अण्णांच्या आवाजाआधी त्यांचाच आवाज आला, 'आधी चहा घ्या, मग बोला.' त्यांनी पदर तोंडाला लावला. आम्ही तो तास पूर्ण ऐकला.

निघताना मी मुलाला म्हणाले की एक कागद करून आणला आहे. एकच पान. ध्वनिमुद्रणं घरच्यांना ऐकण्यासाठी दिली आहेत, ती कुठे प्रसिद्ध करायची असतील तर दोघांनी मिळून ठरवायचं. आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर शीर्षकपानावर शब्दांकनापुढे माझं नाव यायचं. त्याने वाचलं. खालच्या ओळीपाशी तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "वहीत टायपिंग लिहिलं होतं हो. मला वाटलं तेच." आणि त्याने सही केली. काकूंनी विचारलं कसला कागद, तर त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मलाबी दे सही करायला." त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.

दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही. कागदाची एक प्रत त्यांच्या कपाटात आहे, एक माझ्या फाइलमध्ये, अण्णांच्या नावाच्या कप्प्यात.